मुंजीच्या अलीकडची सात मिनिटं

इंदूरला जेल रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेल्या हिवाळ्यात एक व्हीएचएस कॅसेट आली. कडेच्या कागदी पट्टीवर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आभाळमाया. पुसू नये.’ त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी घाईघाईत, बॉलपेनने: ‘मुंज, मे २००१.’ घेऊन आलेल्या गृहस्थांनी सांगितलं, “भैया, मुंजीचं तेवढं काढून द्या. आधी थोडं सिरियल आहे, ते कापून टाका. ते तर यूट्यूबवर मिळूनच जातं.” मागणी रास्त होती. मुंज त्यांच्या घरातली आणि मालिका साऱ्या मुलखाची. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. ‘पुसू नये’ लिहिणाऱ्या व्यक्तीने कुणाला तरी बजावलं होतं, ते कुणी ऐकलं नव्हतं, आणि तरीही सात मिनिटं वाचली होती. आता ती कापायची होती, तीही अगदी सहज, जागा वाचवायला.

ती सात मिनिटं यूट्यूबवर मिळत नाहीत. तिथे भाग मिळतो, आणि तोही मिळाला तर. या फितीवर भागाच्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह आहे, खाली केबलवाल्याने सोडलेली हिंदी अक्षरांची पट्टी सरकते आहे, त्यात महिन्याच्या पैशांची आठवण आणि साड्यांच्या सेलची जाहिरात आहे. संवादांच्या मागे बारीक गुणगुण आहे. मध्यंतराच्या जागी टूथपेस्टच्या जाहिरातीचे दोन सेकंद आहेत, मग खाडकन पुढचा प्रसंग. मुंबईत चित्रित झालेली गोष्ट इंदूरच्या एका घरात कशी पोचली, याचा सगळा रस्ता त्या चित्रात उमटलेला आहे.

त्या रस्त्याबद्दल बोललं पाहिजे, कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या मालिकांची आठवण काढताना लोक कथानकं आठवतात, कलाकार आठवतात, आणि छतावरची तार विसरतात. दूरदर्शनला काठीवरचा अँटेना पुरायचा. ‘शक्तिमान’ सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालं ते त्याच अँटेनावर सगळ्या देशाने पाहिलं. चेहऱ्यांच्या उजवीकडे दुसरा फिकट चेहरा दिसला की पोरं गच्चीवर पळायची. तो फिकट चेहरा म्हणजे शेजारच्या उंच इमारतीवरून आपटून काही मायक्रोसेकंद उशिरा आलेली तीच लहर. अँटेना दोन-चार अंशांनी फिरवला की ती कमी व्हायची, म्हणून खालून ‘अजून, अजून, बस!’ असा ओरडा. खासगी वाहिन्यांचं तसं नव्हतं. झी १९९२ ला आली, सोनी १९९५ ला. पण घराघरात पोचायला मध्ये केबलवाला लागायचा. त्याच्या गच्चीवर जाळीची मोठी छत्री, प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर, ती वाहिनी तारेतल्या एका क्रमांकावर चढवणारा एक मॉड्युलेटर, मग सगळ्यांचं एकत्र मिश्रण करून खांबांवरून, झाडांवरून, दुसऱ्यांच्या गॅलऱ्यांवरून नेलेली काळी वायर. दर काही घरांनंतर बूस्टर. बूस्टर जास्त वाढवला की एका वाहिनीवर दुसरीची सावली दिसायची, कमी ठेवला की गल्लीच्या टोकाच्या घरात पडद्यावर मुंग्या. पावसाळ्यात चित्र गेलं की लोक ढगांना दोष देत. पण उपग्रहावरून येणाऱ्या त्या सी-बँडच्या लहरींना पावसाचं फारसं वाकडं नसतं. पाणी शिरायचं ते जोडणीत, उघड्या कनेक्टरमध्ये, तारेच्या जाळीत, आणि दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडायचं. खरा व्यत्यय यायचा तो मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये, निरभ्र आकाशात, काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला उपग्रहाऐवजी सूर्यच ऐकू येतो.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाली; ‘आभाळमाया’ तिच्यावरचीच. मुंबई-पुण्याला ती आणखी एक वाहिनी होती. इंदूरच्या मराठी घरांचं गणित निराळं होतं. इथे मराठी नाटक बघायला मिळत होतं, दिवाळी अंक मिळत होते, कीर्तनं होत होती. पण रोजच्या संध्याकाळी, भाजी निवडताना, मराठीतलं घरगुती बोलणं दिवाणखान्यातल्या पेटीतून यावं, हे नवं होतं. मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर होती, प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ दुपारी लागत होती, पण ती दिसायची की नाही हे केबलवाल्याच्या मर्जीवर. त्याचं म्हणणंही समजण्यासारखं. बारा बटणांचे टीव्ही अजून पुष्कळ घरांत होते, त्यापुढच्या वाहिन्या पकडणारे संच कमी. एका नव्या वाहिनीसाठी रिसीव्हर आणि मॉड्युलेटर घालायचे, तर कुठली तरी जुनी काढावी लागायची किंवा खर्च अंगावर घ्यावा लागायचा. रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात मराठी घरं लागून लागून, तिथे दहा-पंधरा जण मिळून सांगायला गेले की काम व्हायचं. जिथे गल्लीत दोनच मराठी बिऱ्हाडं, तिथे आत्या-मावशीकडे जाऊन बघायचं किंवा त्यांना म्हणायचं, रेकॉर्ड करून ठेव.

म्हणून त्या कॅसेटी.

आणि म्हणून ‘पुसू नये’. ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी, सुधीर जोशी ज्यात होते ती प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’. या मालिकांतल्या घरांत स्वयंपाकघरं स्वयंपाकघरांसारखी होती. माणसं वाक्य अर्धवट सोडत, दुसऱ्याच्या बोलण्यात बोलत, उगीच उठून पाणी पीत. इंदूरच्या मराठीत हिंदीचा हात सतत खांद्यावर असतो. ‘करून राहिलो आहे’ म्हणणाऱ्या पोरांना आजी या मालिका ऐकायला बसवायची, हे अनेक घरांत घडलेलं आहे. त्यात थोडा अभिमान होता आणि थोडं कानकोंडं वाटणंही होतं, की आपली मराठी ती नव्हे. मालिका आवडायची आणि आपण तिच्या बाहेरचे आहोत हेही तीच सांगायची. हिंदी मालिका बघताना उलटं व्हायचं. ‘हम पांच’मध्ये अशोक सराफ, ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगांवकर, ‘सुरभि’मध्ये रेणुका शहाणे, जानेवारी १९९८ पासून ‘सीआयडी’मध्ये शिवाजी साटम: सगळी गल्ली ज्यांना बघते आहे त्यांतले हे आपले, असं मनात येऊन जायचं. झीवरची ‘हसरतें’ ही जयवंत दळवींच्या ‘अधांतरी’वरून घेतलेली आहे, हे शेजारच्या हिंदीभाषक काकूंना सांगताना वाटणारा आनंद इंदूरच्या मराठी बायकांनाच कळेल.

आता रेकॉर्डिंगचं. घरात यंत्र असलंच तर बहुधा तो व्हीसीपी, म्हणजे नुसता दाखवणारा. व्हीसीआर महाग, तो कॉलनीत दोघा-चौघांकडे. कॅसेट ई-१८०, म्हणजे सुमारे २५८ मीटर अर्धा इंची फीत. साध्या वेगात, एसपीत, सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकत तीन तास चालते. अर्ध्या तासाचे सहा भाग. जाहिराती गाळल्या तर सात, ओढूनताणून आठ. जाहिराती गाळायच्या म्हणजे मध्यंतर झाला की रेकॉर्ड चालू असताना पॉझ दाबायचं आणि भाग सुरू झाला की सोडायचं. यंत्र पॉझमध्ये फीत थोडी मागे घेतं, म्हणजे सांधा नीट बसावा. आणि माणसाच्या बोटाला उशीर होतोच. त्यामुळे प्रत्येक सांध्यावर जाहिरातीचा तुकडा राहून जातो. पॉझ फार वेळ ठेवला, साधारण पाच मिनिटं, तर हेडने, म्हणजे फितीवर चित्र लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकाने, एकाच जागी फीत घासू नये म्हणून यंत्र आपोआप थांबतं. मग पुढचा अर्धा भाग रेकॉर्डच होत नाही आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. टायमर लावून बाहेर जावं, तर वीज. मध्य प्रदेशातल्या वीजकपातीने किती भाग गिळले असतील! वीज गेली की व्हीसीआरच्या घड्याळाची आठवण फार तर काही मिनिटं टिकायची. परत आली की पाटीवर आकडे नुसते लुकलुकत, आणि लावलेली वेळ पुसलेली.

जागा वाचवायला काही लोक एलपी वापरत. वेग निम्मा, तीन तासांचे सहा तास, बारा भाग एका कॅसेटवर. पण एसपीत चित्राचा प्रत्येक तिरपा पट्टा ४९ मायक्रॉन रुंद असतो, एलपीत २४.५. इतक्या अरुंद पट्ट्यावर हेड नेमकं बसायला दोन यंत्रांच्या जुळणीत केसभरही फरक चालत नाही. ज्या व्हीसीआरवर भरली त्यावर चांगली दिसते, दुसऱ्यावर चित्रात पांढऱ्या रेघांचा पट्टा वर-खाली करत राहतो.

मुंजीच्या कॅसेटीवर काय झालं ते फीत स्वतःच सांगते. व्हीसीआरमध्ये पूर्ण पुसणारं हेड ड्रमच्या, म्हणजे चित्राची हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाच्या, काही सेंटिमीटर अलीकडे असतं. कुणी जुन्या चित्रणावर नवीन भरायला घेतलं, की त्या दोघांच्या मधला तुकडा पुसला न जाताच त्यावर नवीन चित्र बसतं. म्हणून आभाळमायाच्या सातव्या मिनिटानंतर दोन-तीन सेकंद मांडवाच्या चित्रावर इंद्रधनुषी पट्टे वाहताना दिसतात; ते मालिकेचे उरलेले रंग. मुंज संपते तिथे उलट. थांबवल्यावर मधला तुकडा पुसलेला असतो पण त्यावर काही भरलेलं नसतं, म्हणून काही सेकंद कोरे, मुंग्यांचे, आणि मग संवादाच्या मध्यातून मालिका पुन्हा सुरू. म्हणजे वाचलं आहे ते सात मिनिटांपेक्षा जास्त. मुंजीनंतरचं कुणी पुढे पळवून पाहिलंच नव्हतं. आणखी एक. मुंजीच्या व्हिडिओवाल्याने मूळ चित्रण स्वतःच्या कॅसेटवर केलेलं असतं. घरच्या कॅसेटवर असते ती नक्कल. व्हीएचएसला प्रत्येक नकलेत रंग पसरतात आणि कडा मऊ होतात. अशा घरांना विचारावं, व्हिडिओवाल्याने दिलेली मूळ कॅसेट लोखंडी कपाटात कुठे आहे का. मिळाली तर मुंज तिच्यावरून घ्यावी आणि या कॅसेटला तिची स्वतःची गोष्ट सांगू द्यावी.

काढून घ्यायचं काम कसं करतात हे इथे सविस्तर लिहितो, कारण घाईत नासलेल्या कॅसेटी फार पाहायला मिळतात. आधी बघायचं. खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीसारखे ठिपके दिसले तर ती बुरशी. माळ्यावर किंवा ओल्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवलेल्या कॅसेटींना ती हमखास लागते. अशी कॅसेट यंत्रात घालायची नाही. बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती सिलिका जेलसकट बंद डब्यात काही दिवस सुकवायची आणि मग जाणत्या माणसाकडून, तोंडाला मास्क लावून, उघड्यावर साफ करून घ्यायची. कवच फुटलं असेल तर खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं तशीच दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. मात्र फितीच्या मार्गाचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, नाहीतर एखादा रोलर चुकतो आणि फीत साडीच्या निऱ्यांसारखी चुण्यांत गोळा होते. कामाला काळ चांगला दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा. इंदूरची हवा तेव्हा कोरडी आणि थंड असते. श्रावणात हे काम काढूच नये. दमट हवेत ड्रमवर बाष्प धरतं, आणि ज्या यंत्रांत दवाचा सेन्सर असतो ती सुरूच होत नाहीत.

फितीपेक्षा यंत्राचा भरवसा कमी. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. आता जे आहे ते जुनंच. वीस वर्षं बंद असलेल्या यंत्रात पट्टे सैल होतात, ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात. सर्वांत घातक बिघाड गुंडाळणाऱ्या रिळाचा: रबर गुळगुळीत झालेलं असतं, कॅपस्टन, म्हणजे फीत सरकवणारा दांडा, ती पुढे ढकलतो पण रीळ ती ओढून घेत नाही, आणि यंत्र फीत ‘खातं’. म्हणून पहिल्यांदा नको असलेली एखादी सिनेमाची कॅसेट घालून दहा मिनिटं चालवायची, पुढे-मागे पळवायची. हेड साफ करायला शॅमी चामड्याची पट्टी आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पट्टी ड्रमला टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. पट्टी वर-खाली घासली तर हेडचं टोक उडतं, आणि ते परत मिळत नाही. कान साफ करायची कापसाची काडी वापरू नये. त्याचे धागे हेडमध्ये अडकतात.

मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत नेऊन पूर्ण मागे आणायची, म्हणजे वर्षानुवर्षांचा ताण सुटतो. पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरींनी व्हीसीआर यूएसबी कॅप्चरला, म्हणजे चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाला, जोडायचा. इथेच बहुतेक घोळ होतो. फितीवरून येणाऱ्या प्रत्येक ओळीची वेळ किंचित हलते. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा. स्वस्त कॅप्चरचं उपकरण गोंधळतं आणि फ्रेम गाळतं. २५ फ्रेम गळल्या की आवाज एक सेकंद पुढेमागे. तासाभरात ओठ एक बोलतात, कानावर दुसरं येतं. उपाय म्हणजे मध्ये टाइम बेस करेक्टर, ओळींच्या वेळा सारख्या करून देणारं यंत्र. तो महाग, म्हणून काही जण जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून त्यातून चित्र नुसतं पार करून घेतात. सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत, पण काही मॉडेल चित्राचा वाकलेला माथा चांगला सरळ करतात. व्हीसीआरच्या मेनूत, चित्र नसलं की येणारा निळा पडदा बंद करायचा. तो चालू राहिला तर कोऱ्या जागा आणि कमकुवत सांधे त्याखाली झाकले जातात. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, कारण दोन उपकरणांच्या अर्थिंगच्या फरकाने आणखी एक ५० हर्ट्झची गुणगुण घुसते, आणि मूळ फितीवरची गुणगुण कुठली, आपण घातलेली कुठली, हे नंतर सांगता येत नाही.

मूळ फाइल ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची, जशी आहे तशी, चित्राचं नुकसान न करणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे साठवण्याच्या पद्धतीत. तासाला ३० जीबीच्या वर जागा जाते. हार्ड डिस्क स्वस्त आहे, एवढ्यासाठी कंजुषी नको. बघायची प्रत वेगळी करायची. टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं होतं, म्हणून डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करताना, ५० फ्रेम राखायच्या. २५ केल्या की हालचाल अडखळते. आणि चौकट ४:३ च ठेवायची. नेटवरच्या कितीतरी जुन्या भागांत ती रुंद पडद्यासाठी ताणलेली असते, सगळे चेहरे सुजल्यासारखे. नाहीतर वरखाली कापलेली, त्यात कपाळं जातात आणि ओट्यावरची भांडीही.

इतकं करून पुन्हा बघायला बसलं की सगळंच आवडतं असं नाही. प्रसंग संथ वाटतात. प्रकाश सपाट आहे. काही संवाद आज ऐकवत नाहीत, विशेषतः सुनांनी काय सोसावं याबद्दलचे. पण अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज त्या गुणगुणीतून वर आला की काही क्षण कुणी बोलत नाही. जुलै २००० नंतर हिंदी वाहिन्यांवर रोजच्या मालिकांचा पूर आला, आणि मालिका जपून ठेवायची वस्तू आहे हे वाटणंच कमी झालं; उद्या दुसरा भाग होताच. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत घरोघर भरलेल्या कॅसेटी म्हणून मोलाच्या.

प्रसारणाच्या मूळ फिती बेटाकॅम या व्यावसायिक प्रकारच्या कॅसेटींवर होत्या आणि त्यांची जबाबदारी वाहिन्यांची. त्यांतून भाग मिळेल, पट्टी मिळणार नाही, पॉझ दाबणाऱ्या बोटाचा उशीर मिळणार नाही. तो घरच्यांनीच राखायचा. म्हणून कापू नये. सुरुवातीच्या मुंग्यांपासून शेवटच्या कोऱ्या फितीपर्यंत एक सलग फाइल ठेवावी. मुंज हवी असेल तर तिची वेगळी प्रत काढावी. संपूर्ण भाग नेटवर टाकायचा हक्क आपला नाही, तो निर्मात्यांचा. पण घरात ठेवायला कुणाची आडकाठी नाही. फाइलच्या नावात कडेच्या पट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा लिहावा, दोन्ही हस्ताक्षरांचा, आणि पट्टीचा फोटोही सोबत ठेवावा. मूळ कॅसेट फेकू नये. शेवटपर्यंत गुंडाळून, उभी, स्पीकरपासून लांब.

आणि घरात कॅसेटींचा ढीग असेल तर सुरुवात एलपीत भरलेल्यांपासून करावी. कडेच्या पट्टीवर एका ई-१८० कॅसेटीत दहा-बारा भाग लिहिलेले असले की ती एलपीच. तिला आपलंच जुनं यंत्र लागतं. तो व्हीसीआर माळ्यावर बंद पडलेला असेल, तरी या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला देऊ नका. पट्टा बदलून, रबर बदलून तो पुन्हा चालू शकतो, आणि त्या फिती नीट वाचू शकेल असं दुसरं यंत्र मिळेलच असं नाही.